पाचगणीच्या बेभरवशाच्या पहाटे सूर्योदय टिपताना

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: सप्टेंबरच्या शेवटच्या आठवड्यात पाचगणीला दोन रात्री मुक्काम आहे, म्हणजे हातात दोन पहाटा. सोबत क्रॉप सेन्सरचा (म्हणजे फुल-फ्रेमपेक्षा लहान सेन्सरचा) कॅमेरा, १८-५५ आणि ५५-२५० या दोन लेन्स आणि एक हलका ट्रायपॉड. मागच्या खेपेला टेबललँडच्या पठारावर आधी सगळं पांढरं होतं, मग पाच मिनिटं लख्ख ऊन पडलं आणि पुन्हा सगळं पांढरं. घरी येऊन पाहिलं तर निम्मे फोटो जळालेले आणि निम्मे राखाडी. तर अशा हवेत सेटिंग काय ठेवायचं?

आकडे पुढे देतो, पण मूळ अडचण मला वेगळी दिसते. तुम्ही सूर्य दिसण्याची वाट पाहत होतात आणि कॅमेरा त्या एका क्षणासाठी लावून ठेवला होता. बेभरवशाच्या हवेत सूर्य दिसेलच असं नाही आणि दिसला तरी कुठल्या मिनिटाला, ते कोणी सांगू शकत नाही. उजेड कुठून येईल, कशावर पडेल आणि किती वेळ टिकेल, एवढं मात्र बऱ्यापैकी ओळखता येतं. म्हणून अशा पहाटे मी एका फ्रेमच्या भरवशावर राहत नाही. तीन दिशांच्या तीन फ्रेम अंधारातच ठरवतो आणि जी दिशा उजळेल तिकडे वळतो. एक्स्पोजर, म्हणजे कॅमेऱ्यात किती उजेड घ्यायचा ते ठरवणं, हे त्या मानाने सोपं काम आहे, फक्त ते दर दोन-तीन मिनिटांनी नव्याने करावं लागतं.

काय मिळेल हे कोणत्या प्रकारची हवा लाभते यावर आहे, आणि ते इथून सांगता येणार नाही. मोसमी पाऊस मुंबईतून परतण्याची सरासरी तारीख ८ ऑक्टोबर आहे. म्हणजे तुमचे दिवस अगदी उंबरठ्यावरचे. अशा वेळी दोन तऱ्हा संभवतात. पहिली, पश्चिमेचा वारा अजून जोरात आहे आणि ढग घाटमाथ्यावरच बसलेला आहे. दुसरी, वारा पडलाय, दुपारनंतर गडगडाट होऊन सर येते, रात्री आकाश मोकळं होतं आणि पहाटे दरीत धुकं साचतं. दोन्हींत समोर पांढरंच दिसतं, पण पहिल्या तऱ्हेत तुम्ही ढगाच्या पोटात असता आणि दुसऱ्या तऱ्हेत धुकं तुमच्या पायाखाली असतं. या दोन पांढऱ्यांवर एकच उपाय चालत नाही.

पाचगणीची जागा मात्र तुमच्या बाजूने आहे. महाबळेश्वरला वर्षाला साडेपाच-सहा हजार मिलीमीटर पाऊस पडतो. तिथून जेमतेम १८-२० किलोमीटर पूर्वेला असलेल्या पाचगणीत त्याचा तिसरा हिस्साही पडत नाही, आणि घाट उतरून वाईत आलं की आकडा हजाराच्या आत येतो. ढग पश्चिमेकडून येतात, घाटमाथ्यावर रिते होतात आणि पूर्वेकडे विरळ होत जातात. सूर्य त्याच विरळ बाजूने उगवतो. त्यामुळे डोक्यावर ढगांचं गच्च छत असूनही वाईपलीकडच्या क्षितिजाशी मोकळी फट असते, आणि त्या फटीतून आलेलं ऊन ढगांच्या पोटाला खालून रंगवतं. सह्याद्रीच्या पूर्व उतारावरचे सगळ्यात देखणे सूर्योदय याच फटीतून येतात. ढगाळ आहे म्हणून पांघरूण ओढून झोपणाऱ्यांचं त्यात मोठं नुकसान होतं.

रात्रीची तयारी

रात्री नऊच्या सुमारास हवामान खात्याच्या संकेतस्थळावर इन्सॅटची ताजी उपग्रह चित्रं पाहा. एक सावधगिरी बाळगा. रात्री दिसतं ते इन्फ्रारेड चित्र तापमानावर चालतं. उंचावरचे थंड ढग त्यात पांढरेशुभ्र दिसतात, पण जमिनीलगतचा ढग आणि धुकं यांचं तापमान जमिनीइतकंच असल्याने ते जवळजवळ दिसतच नाहीत. चित्र स्वच्छ आहे म्हणून पहाट स्वच्छ असेल, असा निष्कर्ष काढू नका. उंच ढगांची कड कुठे संपते आणि ती पूर्वेला सरकतेय की पश्चिमेला, एवढंच त्यातून घ्या.

जमिनीलगतच्या धुक्यासाठी तीन गोष्टी बघायच्या: तापमान, दवबिंदू (ज्या तापमानाला हवेतल्या वाफेचं दव व्हायला लागतं ते) आणि वारा. पहाटेचं अंदाजी तापमान आणि दवबिंदू यांत दोन अंशांहून कमी अंतर असेल, वारा ताशी पाच-सात किलोमीटरच्या आत असेल आणि रात्री आकाश मोकळं राहणार असेल, तर कृष्णेच्या खोऱ्यात धुकं साचण्याची शक्यता चांगली. संध्याकाळी सर पडून गेली असेल तर आणखी चांगली, कारण जमीन ओली असते. दवबिंदू जुळतोय पण वारा ताशी वीसच्या वर आहे, तर ते धुकं नव्हे, घाटमाथ्यावर घासत जाणारा ढग असणार.

पहिल्या दिवशी दुपारीच जागा पाहून ठेवा. पारसी पॉइंट आणि सिडनी पॉइंट ही दोन्ही ठिकाणं कृष्णेच्या खोऱ्याकडे आणि धोमच्या जलाशयाकडे तोंड करून आहेत. सप्टेंबरअखेर सूर्य जवळजवळ नेमका पूर्वेला उगवतो. आपल्या अक्षांशावर जूनमध्ये तो तिथून २५ अंश उत्तरेला आणि डिसेंबरमध्ये तेवढाच दक्षिणेला सरकलेला असतो. धोमकडे तोंड करून उभं राहिलं की या दिवसांत सूर्य उजव्या हाताला येतो आणि खोऱ्यावर तिरपा उजेड पडतो. धुक्याचे थर, डोंगरांच्या सोंडा, पांडवगडाकडची रांग यांना उठाव येतो तो अशाच आडव्या उजेडात. टेबललँड मोकळं आहे, चहूकडे पाहता येतं आणि पावसानंतर जांभ्यावर साचलेलं पाणी पुढच्या भागासाठी कामी येतं. पण तिथे वारा थेट लागतो आणि कड्याजवळ जांभा निसरडा असतो. दिवसाउजेडी कडा नेमकी कुठे संपते ते पाहून घ्या. गवत वाढलेलं असताना ती अंधारात कळत नाही.

पहाटे पावणेपाचला

त्या दिवसांत सूर्योदय साधारण सव्वासहा ते साडेसहाच्या दरम्यान, ६:२५ च्या आसपास असतो. पावणेपाचला बाहेर येऊन आधी वर पाहा, मग रस्त्याकडे.

चांदण्या दिसतायत आणि वारा नाही, तर साडेपाचपर्यंत कड्यावर पोचा. दरीतलं धुकं तुमची वाट पाहत असणार.

चांदण्या नाहीत पण खाली वाईचे दिवे दिसतायत, तर ढग डोक्यावर आहेत आणि दरी मोकळी आहे. ही फटीची पहाट. जायलाच हवं.

रस्त्यावरचा पन्नास मीटरवरचा दिवाही धूसर दिसतोय, तर तुम्ही ढगात आहात. इथे बहुतेक जण टेबललँडवर जाऊन ढग उठण्याची वाट पाहतात, आणि मागच्या खेपेला तुमचंही तेच झालेलं दिसतं. त्याऐवजी पसरणी घाटाने वाईच्या दिशेने उतरायला लागा. पाचगणी ते वाई उंचीचा फरक साडेपाचशे-सहाशे मीटर आहे. ढगाचा तळ पुष्कळदा या उतारातच कुठेतरी असतो. तळाच्या खाली आलात की वर ढगाचं छत, खाली खोरं आणि समोर पूर्व, असा पूर्ण देखावा उघडतो. घाटात गाडी थांबवायची ती फक्त रस्ता रुंद आहे आणि गाडी पूर्णपणे बाजूला घेता येते अशाच जागी. वळणावर थांबायचं नाही आणि ट्रायपॉड डांबरावर लावायचा नाही. धुक्यात समोरच्या चालकाला तुम्ही दिसतच नसता. ढगात गाडी चालवताना हेडलाइट खाली ठेवा. अपर लावला की समोर पांढरी भिंत उभी राहते.

आणि गडगडाट ऐकू येत असेल तर उघड्या पठारावर जायचंच नाही. शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास जाऊ द्या. भोवती मोकळं सपाट पठार, त्यात सगळ्यात उंच तुम्ही आणि तुमचा धातूचा ट्रायपॉड, हे चित्र डोळ्यांपुढे ठेवा.

फट किती, वेळ किती

पूर्वेला फट दिसली की हात सरळ लांब करून ती बोटांनी मोजा. लांब केलेल्या हाताचं एक बोट म्हणजे आडवं धरून सुमारे दोन अंश, मिटलेली मूठ म्हणजे दहा. आपल्याकडे सूर्य तासाला साधारण १४ अंश वर चढतो, म्हणजे एक बोट चढायला आठेक मिनिटं. क्षितिज आणि ढगाचा तळ यांत दोन बोटांची फट असेल तर थेट ऊन पंधरा-सोळा मिनिटं मिळेल, अर्धं बोट असेल तर चार. याच मापाने डोंगराचाही हिशेब करता येतो. पूर्वेला एक बोट उंचीची रांग असेल तर ऊन पंचांगातल्या वेळेनंतर आठ मिनिटांनी पोचेल.

इथे एक गोष्ट मुद्दाम सांगावीशी वाटते. सोनेरी उजेड तासभर टिकतो, असं जे सल्ले सांगतात ते बहुतेक युरोप-अमेरिकेतल्या उत्तरेकडच्या हवेसाठी लिहिलेले असतात. तिथे सूर्य तिरपा, क्षितिजाला घासत वर येतो. आपल्याकडे तो बराच उभा चढतो. सप्टेंबरअखेर क्षितिजापासून सहा अंशांवर यायला त्याला पाचगणीत पंचवीस मिनिटं पुरतात. लंडनच्या अक्षांशावर त्याच दिवसांत चाळीसेक लागतात. त्यामुळे ऊन आल्यावर जागा शोधायला आपल्याला वेळच नसतो. फ्रेम अंधारात ठरवायची, ती एवढ्यासाठी.

ढगांच्या रंगाचंही वेळापत्रक असतं आणि ते उंचीवर ठरतं. जेवढा ढग उंच तेवढा त्याला सूर्य आधी दिसतो. दहा किलोमीटरवरचे तंतुमेघ डोक्यावर असतील तर सूर्योदयाच्या तेरा-चौदा मिनिटं आधी रंगायला लागतात, पूर्वेकडचे त्याहीआधी. चार किलोमीटरच्या आसपासचे मधल्या उंचीचे ढग आठ-नऊ मिनिटं आधी. दीड किलोमीटरवरचे खालचे ढग शेवटच्या चार-पाच मिनिटांत, आणि तेही पूर्वेची फट खरोखर मोकळी असेल तर. रंग पूर्वेकडून पश्चिमेकडे सरकत जातो. वरचे ढग रंगून फिके पडले आणि खालच्यांना अजून उजेड पोचलेला नाही, अशी पाच-सात मिनिटं मध्ये येतात. तेव्हा सगळं संपल्यासारखं वाटतं आणि माणसं ट्रायपॉड मिटतात. तेवढी मिनिटं थांबा.

तीन फ्रेम

पहिली पूर्वेची, रुंद, १८ ते २४ मिलिमीटरची. पुढे जांभ्यावरचं पाणी किंवा गवत, मागे आकाश. ही फट असेल तेव्हाची फ्रेम.

दुसरी उत्तरेची, खोऱ्याची, १०० ते २५० मिलिमीटरची. धुक्याच्या पहाटे खरं काम ५५-२५० करते. रुंद लेन्समध्ये धुकं म्हणजे एक फिकट पट्टा होतो. लांब लेन्स त्यातून एक सोंड, एक झाड, धोमच्या पाण्याचा एक तुकडा वेगळा काढते. बदलत्या हवेत आकाश पूर्ण निराश करतं तेव्हाही ही फ्रेम बहुधा काहीतरी देते, म्हणून तुमच्या दोन पहाटांत मी हिला सर्वांत जास्त वेळ देईन.

तिसरी पाठीमागची, पश्चिमेची. सूर्योदयाआधी पश्चिम क्षितिजावर पृथ्वीच्या सावलीचा निळसर पट्टा आणि त्यावर गुलाबी पट्टा दिसतो. महाबळेश्वरच्या बाजूला ढगांचा डोंगर उभा असेल तर त्यावर पहिलं ऊन पडतं ते बघत राहावं असं असतं. सूर्य पाठीशी आणि धुकं समोर खाली अशी स्थिती जुळली, तर धुक्यावर तुमच्या सावलीभोवती इंद्रवज्राचं गोल कडंही दिसू शकतं. सगळे पूर्वेला बघत असतात, म्हणून दर पाच मिनिटांनी मागे वळायची सवय लावून घ्या.

आता एक्स्पोजर

तुमचे निम्मे फोटो जळाले आणि निम्मे राखाडी झाले, त्यांची कारणं वेगवेगळी आहेत. सूर्योदयाआधीच्या बावीसेक मिनिटांत, म्हणजे सूर्य क्षितिजाच्या सहा अंश खाली असल्यापासून तो उगवेपर्यंत, जमिनीवरचा उजेड शंभरपटीहून जास्त वाढतो. हे सुमारे सात स्टॉप झाले (एक स्टॉप म्हणजे उजेड दुप्पट किंवा निम्मा), म्हणजे साधारण दर तीन मिनिटांना एक. मॅन्युअलवर सहा वाजता लावलेलं एक्स्पोजर सव्वासहाला चार-पाच स्टॉपने जळतं. उलट ऑटोवर असताना समोर पांढरं धुकं आलं की मीटर त्याला मधला राखाडी करू पाहतो, आणि धुकं राखेसारखं येतं.

माझी पद्धत अशी. रॉ फाइल. आयएसओ (सेन्सरची संवेदनशीलता) १०० वर पक्का. ॲपर्चर प्रायॉरिटी (लेन्सचं छिद्र आपण ठरवायचं, शटरची वेळ कॅमेरा ठरवतो), एफ/८. क्रॉप सेन्सरवर एफ/११ च्या पुढे गेलात की विवर्तनाने बारकावे मऊ पडायला लागतात आणि इथे त्याची गरजही नसते. व्हाइट बॅलन्स ५२०० ते ५५०० केल्विनवर पक्का, म्हणजे 'डेलाइट'. ऑटोवर ठेवलात तर कॅमेरा पहाटेचा निळा आणि उन्हाचा नारिंगी दोन्ही पुसायला बघतो, आणि मागच्या स्क्रीनवर तुम्हाला खरा फरक कळत नाही.

मग भरपाई, म्हणजे कॅमेऱ्याने ठरवलेल्या एक्स्पोजरमध्ये मुद्दाम केलेली वाढ किंवा घट. फ्रेममध्ये धुकंच धुकं असेल तर +२/३ ते +१ १/३. पूर्वेचं आकाश मोठं असेल तर शून्यापासून सुरू करून हिस्टोग्राम (डावीकडे काळं, उजवीकडे पांढरं असा उजेडाचा आलेख) पाहा, आणि तोही तीन रंगांचा वेगळा. नारिंगी आकाशात लाल रंग सगळ्यात आधी जळतो. एकत्रित हिस्टोग्राम ठीक दिसत असतो आणि लाल उजव्या भिंतीला चिकटलेला असतो. तो चिकटला की २/३ ने खाली या. सूर्याची चकती जळाली तर चालेल, तिच्याभोवतीचा ढग जळता कामा नये.

तपासायला अंदाजी आकडे असे, आयएसओ १०० आणि एफ/८ ला, पूर्वेच्या आकाशासाठी: सूर्योदयाच्या वीस-बावीस मिनिटं आधी चार ते आठ सेकंद, दहा मिनिटं आधी पाव ते अर्धा सेकंद, सूर्योदयाला १/१५ ते १/३० सेकंद. दाट ढग असतील तर यात एक-दोन स्टॉप वाढवा. जमीन आकाशापेक्षा साधारण तीन स्टॉपने काळी असते. म्हणून −२, ०, +२ असे तीन फोटो ब्रॅकेट करून घ्या (एकच फ्रेम तीन वेगळ्या एक्स्पोजरला), सलग ड्राइव्हवर आणि दोन सेकंदांच्या टायमरने. तीन स्टॉपचा मऊ ग्रॅज्युएटेड फिल्टर (वरचा भाग काळसर, खालचा पारदर्शक) असेल तर वापरा, नसेल तर या प्रवासासाठी विकत घेऊ नका. डोंगराचं क्षितिज सरळ नसतं आणि फिल्टरची रेघ सोंडेवर काळी पडते.

ब्रॅकेटिंगमध्ये एक खोट आहे. धुकं सरकतं, त्यामुळे तीन फोटोंत ते तीन जागी असतं आणि आपोआप जोडलं की कडांना भुतासारख्या दुहेरी रेषा येतात. धुकं कुठल्याही एकाच फोटोतून घ्यायचं आणि दुसऱ्या फोटोतून फक्त स्थिर जमीन. म्हणजे जोडणी हाताने करावी लागते.

धुक्याच्या हालचालीसाठी शटरची वेळ डोळ्यांनी ठरवा. १/६० ला धुक्याच्या बटा तशाच राहतात. दोन ते चार सेकंदांत ते वाहत्या पाण्यासारखं मऊ होतं. तीस सेकंदांत नुसतं दूध होतं आणि थर नाहीसे होतात. थर दिसताना लांब शटरचा मोह टाळा, तेच तर तुम्हाला हवे आहेत.

फोकस अंधारात, दिवे दिसत असताना करून घ्या. वाईचा एखादा दिवा लाइव्ह व्ह्यूमध्ये दहापट मोठा करून तो सगळ्यात बारीक दिसेपर्यंत रिंग फिरवा, लेन्स मॅन्युअलवर टाका. धुकं आल्यावर ऑटोफोकसला पकडायला काहीच मिळत नाही, तो मागेपुढे फिरत राहतो आणि तेवढ्यात ऊन निघून जातं. रुंद फ्रेमसाठी १८ मिलिमीटर आणि एफ/८ ला सुमारे तीन मीटरवर फोकस केलात तर दीड मीटरच्या आत-बाहेरपासून डोंगरापर्यंत सगळं स्पष्ट येतं. झूम बदललात की फोकस पुन्हा तपासा, किट लेन्समध्ये तो सरकतो.

हलक्या ट्रायपॉडबद्दल. सगळ्यात खालचे बारीक पाय बाहेर काढू नका, मधला दांडा वर चढवू नका, कॅमेऱ्याचा पट्टा काढून ठेवा. वाऱ्यात तो फडफडला की २५० मिलिमीटरला फोटो हलतोच. बॅग लटकवायची असेल तर तिचं बूड जमिनीला टेकलेलं ठेवा, लोंबकळणारी बॅग वाऱ्यात उलट ट्रायपॉडच हलवते. तरीही हलतंय वाटलं तर आयएसओ ४०० करा, शटर १/१२५ च्या वर न्या आणि स्वतः वाऱ्याच्या बाजूला आडोशाला उभे राहा. पक्क्या ट्रायपॉडवर लेन्सचं स्टॅबिलायझेशन बंद.

दव

मागच्या खेपेचे काही फोटो राखाडी येण्यामागे लेन्सवरचं दवही असू शकतं. पुढच्या काचेवर आलेला बारीक वाफेचा थर छोट्या स्क्रीनवर दिसत नाही, फक्त सगळं फिकट आणि मऊ वाटतं. वातानुकूलित गाडीतून थंड झालेला कॅमेरा बाहेरच्या दमट हवेत काढला की काच लगेच धुरकटते. गाडीत एसी बंद ठेवा, बॅग मिटलेली ठेवा आणि जागेवर पोचल्यावर कॅमेरा बाहेर काढून वीसेक मिनिटं हवेशी जुळू द्या. हूड लावा, फोटो नसताना लेन्स खाली झुकवून ठेवा. मायक्रोफायबरचे तीन-चार रुमाल झिपच्या पिशवीत कोरडे ठेवा, एक रुमाल दोन वेळा पुसण्यात ओला होतो. दर फ्रेमआधी काच तिरप्या टॉर्चच्या उजेडात बघून घ्या. रिमझिमीसाठी हॉटेलातली शॉवर कॅप कॅमेऱ्यावर पुरते, पण मोठ्या सरीत कॅमेरा बॅगेतच बरा.

सूर्य वर आल्यावर

साडेसहाला निघू नका. दरीतलं धुकं सूर्योदयाबरोबर विरत नाही. पहिल्या उन्हाने जमिनीलगतची हवा ढवळली जाते आणि धुकं काही वेळ उलट दाट होतं, वर चढतं, कड्याला येऊन टेकतं. त्यानंतरच्या तास-दीड तासात ते फाटायला लागतं आणि त्या फटींतून सोंडा, शेतांचे चौकोन, पाणी असं एकेक बाहेर येतं. ५५-२५० ची वेळ ही. ढग तुटक असतील तर उन्हाच्या तिरिपा याच वेळी खोऱ्यावर फिरतात. तिरीप कुठल्या दिशेने सरकतेय ते ढगांच्या सावल्यांवरून ओळखा आणि ती तुमच्या झाडावर किंवा सोंडेवर पोचेल त्याआधी फ्रेम लावून थांबा. इथे आकाशाला फ्रेममध्ये घ्यायची गरज नाही. साडेआठपर्यंत राहायचं ठरवूनच जा, थर्मासमध्ये चहा असू द्या.

जांभ्याच्या पठारावर या दिवसांत बारीक रानफुलं असतात. मातीचा थर इतका पातळ असतो की एकदा तुडवलेली जागा पुढच्या पावसाळ्यातही उघडीच दिसते. ट्रायपॉड उघड्या खडकावर लावा. फूल फ्रेममध्ये हवं असेल तर तुम्ही वाका, त्याच्याभोवतीचं गवत उपटू नका.

संगणकावर धुक्याचे फोटो उघडलेत की 'डीहेझ' (धुरकटपणा कमी करणारा स्लायडर) सरकवायचा मोह होतो. अगदी थोडा, तोही फक्त जवळच्या सोंडेवर वापरा. पूर्ण फोटोवर ओढलात तर ज्यासाठी पहाटे उठलात तेच पुसलं जाईल. धुक्याच्या फोटोत गडद काळं नसतंच, त्यामुळे हिस्टोग्राम दोन्ही टोकांपर्यंत ताणायची गरज नाही. धुक्याचा सगळ्यात उजळ भाग पांढऱ्याच्या थोडा अलीकडे ठेवा, पोत टिकतो.

दोन पहाटांची वाटणी करायची तर पहिल्या दिवशी पारसी किंवा सिडनी पॉइंट घ्या आणि पूर्ण वेळ थांबा. पहिल्या पहाटे ढगात सापडलात आणि खाली उतरावं लागलं, तर ढगाचा तळ घाटात कुठल्या वळणाला लागला ते लिहून ठेवा. वाऱ्याची दिशा आणि जोर तोच राहिला तर दुसऱ्या दिवशीही तो बहुधा त्याच उंचीच्या आसपास सापडतो, आणि मग शोधण्यात वेळ न घालवता थेट तिथे जाता येतं. टेबललँड दुसऱ्या पहाटेसाठी ठेवा, तेही चांदण्या दिसल्या किंवा फट दिसली तरच.

परत खोलीवर आल्यावर कॅमेरा ओल्या बॅगेत मिटून ठेवू नका. लेन्स, टोप्या, पट्टा सगळं काढून पंख्याखाली तासभर कोरडं होऊ द्या, बॅगही उघडी ठेवा. घरी गेल्यावर सिलिका जेलच्या डब्यात किंवा ४० ते ५० टक्के आर्द्रतेवर लावलेल्या ड्राय कॅबिनेटमध्ये ठेवा. घाटातली ही ओल लेन्समध्ये राहिली तर बुरशीची जाळी धरायला काही आठवडे पुरतात, आणि ती काढायला लेन्स उघडावी लागते.